हिरवं अठ्ठ्याण्णव

दुपारी वॉर्डात शिरले तेव्हा बाबांच्या उशाशी अठ्ठ्याण्णव हा आकडा हिरवागार होऊन उभा होता आणि आमचं सगळं घर खूश होतं. माझा भाऊ मयूर अँटॉप हिलला घरी परतण्याआधी त्या आकड्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून गेला होता. त्याच्याखाली कुडाळच्या मावशीपासून डोंबिवलीच्या चुलत भावापर्यंत सगळ्यांचे जोडलेले हात आले होते, आणि लालबागला घरी केस पुसता पुसता मीसुद्धा एक हृदय पाठवलं होतं. सकाळी मी आंघोळीला म्हणून निघण्याआधी तोच आकडा पिवळा होता. बाबा धापा टाकत होते, चिडत होते, मोसंबीचा रस गोड आहे म्हणून आईला बोलत होते. आता ते शांत झोपले होते. तोंड किंचित उघडं, प्लास्टिकच्या मास्कवर येणारी-जाणारी वाफ, गालांवर चक्क लाली. आई स्टुलावर बसून हिंदमाताच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या पिशवीतून धुतलेले पंचे काढत होती. मला बघून ती हळूच म्हणाली, "बघ गो, कसे निजलेत. रंग बघ कसो इलो तोंडार." मी बघितलं. एका क्षणापुरता मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मी आकडा पुन्हा वाचला. अठ्ठ्याण्णव. माझ्या बाबांचं अठ्ठ्याण्णव कधीच नव्हतं.

हे मी सांगू शकते, कारण आकड्यांना रंग देणं हाच माझा धंदा आहे. परळच्या ह्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत मी बसते. वॉर्डातल्या सिस्टर नाडी, ताप, रक्तदाब, श्वास असं जे काही मोजतात ते कॉम्प्युटरमध्ये जातं, आणि कुठवर ते ठीक आणि कुठून पुढे काळजीचं, ह्या रेघा मी मारते. मी म्हणजे मी एकटी नव्हे. डॉक्टर लोक बैठकीत ठरवतात, चहा पितात, भांडतात, आणि शेवटी "सुचित्रा मॅडम, टाका" म्हणतात, की मी टाकते. रक्तातला ऑक्सिजन शंभरात चौऱ्याण्णव किंवा वर असेल तर हिरवा, त्याखाली पिवळा, नव्वदच्या खाली लाल. लाल झालं की डॉक्टरांचा फोन वाजतो. पिवळं झालं की फोन वाजत नाही, पण नातेवाइकांचे चेहरे बदलतात, हे मी कालपर्यंत नुसतं ऐकून होते. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांना आणलं तेव्हापासून मी त्या पिवळ्याकडे बघत बसले होते. ते पिवळं मीच निवडलंय, तीन छटांतून, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फिकट. तरी सकाळी मला ते सहन झालं नाही आणि मी माया सिस्टरना म्हटलं, जरा वाढवता का ऑक्सिजन. त्यांनी भिंतीवरचं बटण थोडं फिरवलं होतं. आकडा ब्याण्णवचा चौऱ्याण्णव झाला, हिरवा झाला, आणि मी निवांत घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

ऑक्सिजनच्या रेघा ठरल्या ती बैठक मला आठवत होती. प्रत्येक मोजणीला खालची हद्द असते तशी वरचीही असते, आणि वरचा रकाना मोकळा सोडला तर माझा कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. ऑक्सिजनला वर काय टाकू, असं मी विचारलं तेव्हा सगळे हसले होते. शंभराच्या वर कोण जाणार, आणि श्वास जास्त झाला म्हणून कोण तक्रार करणार? मग छातीचे एक म्हातारे डॉक्टर, जे एरवी बैठकीत पेंगायचे, ते म्हणाले की तसं नाही. काही माणसांची फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब झालेली असतात. त्यांचा मेंदू ऑक्सिजन कमी पडण्याच्या धाकावरच छातीला कामाला लावतो. तुम्ही भरपूर ऑक्सिजन दिलात की तो धाक जातो, मेंदू ढिला पडतो, माणूस छान झोपतो आणि आतला घाण वायू आतच साठत राहतो. पडद्यावर आकडा मात्र फर्स्ट क्लास. अशांसाठी वेगळी पट्टी करा, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठीक, त्याच्यावर गेलं की धोका. मी केली. भरतीच्या वेळी सिस्टरने विचारायचा एक प्रश्न त्यासाठी घातला, मराठीतसुद्धा घातला, कारण आमच्याकडे येणारी निम्मी माणसं आसपासच्या चाळींतली. श्वासाचा जुना आजार आहे का? हो म्हटलं की दुसरी पट्टी, नाही म्हटलं की नेहमीची. प्रश्न सोपा हवा म्हणून मी बराच वेळ त्याच्यावर घालवला होता. तो इतका सोपा झाला की त्याला खोटं उत्तर देणंही सोपं झालं.

काल सिस्टरने तो बाबांना विचारला. बाबा धापा टाकत म्हणाले, "नाय. माका काय एक नाय. ताप इलो, बस." आई म्हणाली, तापच हो, साधा. मी मागे उभी होते, हातात थर्मास आणि चपलांची पिशवी, आणि मी काही म्हटलं नाही. विसरले होते असं नाही, घाबरलेही नव्हते. माझ्या तोंडात ते वाक्यच नव्हतं. आमच्या घरात ते वाक्य कधी कोणी उच्चारलेलं नाही. चिंचपोकळीच्या चाळीत आम्ही राहायचो तेव्हा बाबा गिरणीत कार्डिंगला होते, जिथे कापूस विंचरतात आणि हवेत तो तरंगत राहतो. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर पांढरं असायचं आणि मी ते फुंकरीने उडवायची, तो आमचा खेळ. पहाटे ते गॅलरीत जाऊन खोकायचे. पण पहाटे सगळी गॅलरीच खोकायची. शेजारचे सावंतकाका, टोकाचे तांडेलमामा, खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, एक थांबला की दुसरा. मला वाटायचं मोठे झाले की पुरुष असेच उठतात. खोकत नव्हते ते फक्त पोस्टातले गोरेकाका, आणि त्यांच्याबद्दल आम्हा पोरांना जरा शंकाच असायची. नॉर्मल म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाऊन शिकायची गरज नव्हती, ते मी गॅलरीत शिकले होते.

त्या खोकल्याला नाव द्यायचं नाही, हा घरचा नियम होता. गिरणीच्या दवाखान्यात त्याला नाव पडलं की आधी खातं बदलतात आणि मग घरी बसवतात, असं बाबा म्हणत. एकदा घरी बसलेल्याला कोणी परत बोलावत नाही. पुढे गिरणीच बंद पडली, सगळेच घरी बसले, तरी नियम राहिला, कारण तोवर माझं लग्नाचं वय झालं होतं आणि आईला भीती होती की दम्याचं घराणं म्हणून मुलीला स्थळ येणार नाही. बघायला लोक यायचे आणि आतून बाबांना उबळ यायची, की आई लगेच म्हणायची, मिरचीचा ठसका हो, खाली मसाला कुटतायत ना. लालबागच्या आसपास हे कुणालाही पटतं. उन्हाळ्यात तिथे रस्त्याने चालणारा प्रत्येक माणूस डोळे पुसत शिंकत असतो. पण आमच्याकडे ऐन थंडीतही मिरची कुटली जायची. माझं काम ठरलेलं होतं. उबळ लांबली की मी मोरीत जाऊन भांडी घासायला घ्यायची, स्टीलचं ताट मुद्दाम आपटायची. मला त्याची लाज वाटत नसे, उलट मी ते फार बेमालूम करायची, आई मागून शाबासकी द्यायची. आणि माझं लग्न झालंही, नीट झालं, तेव्हा नियम खराच ठरला असं म्हणायचं.

कोरोनात मी बोटाला लावायचं यंत्र घरी आणलं तेव्हा बाबांच्या बोटावर एकोणनव्वद आलं. मी हातातलं काम टाकून मोबाइलवर अँब्युलन्स शोधायला लागले. बाबा खुर्चीत बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी यंत्र काढून आईच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. मग पुन्हा आपल्या, नव्वद. "मशीनाक माझा बोट आवडत नाय," ते म्हणाले, आणि हसले, आणि हसता हसता खोकले, आणि मी मोरीकडे बघितलं. नंतरच्या आठवड्यात रोज मी ते बघायची, रोज तेवढंच. आजार काही नव्हता, ते त्यांचं नेहमीचं होतं. मी यंत्र कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. हॉस्पिटलात शेकडो माणसांना रेघा मारून देणाऱ्या मला घरात एका माणसाची रेघ माहीत होती, आणि ती माझ्या कुठल्याच पट्टीत बसत नव्हती, म्हणून मी तिचा विचार करणं सोडून दिलं.

आता मी बाबांच्या हाताला हात लावला. तो उबदार होता, जरुरीपेक्षा उबदार, आणि ओलसर. मी हाक मारली. त्यांच्या भुवया हलल्या, डोळे उघडले नाहीत. मी जरा जोराने मारली. त्यांनी कुठल्या तरी शिव्या दिल्यासारखं पुटपुटलं आणि परत घोरायला लागले. बोटांना बारीक झटके येत होते, झोपेत कापूस वेचल्यासारखे. आई म्हणाली, कशाला उठवतेस, दोन रात्रींची झोप आहे, होऊ दे. मी भिंतीकडे बघितलं. ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणारा नळीतला छोटा गोळा सकाळी जिथे होता त्याच्या बराच वर तरंगत होता. मी आईला विचारलं, सिस्टरने वाढवलं का? आई पंच्याची घडी करत राहिली. मग लहान मुलीसारखी म्हणाली, "मीच वायच फिरवलंय. तूच सकाळी सांगलंस ना तिका. बघ, किती बरा वाटता त्यांका." सिस्टरने बटण कुठल्या बाजूला फिरवलं ते तिने नीट बघून ठेवलं होतं. आकडा चढला की रंग चांगला होतो, हेही तिला कळलं होतं. स्टोव्हची वात असो की ऑक्सिजनचं बटण, घरातली प्रत्येक चावी आयुष्यभर तिनेच कमी-जास्त केली होती. तिची चूक म्हणावी तर तो हिरवा रंग तिला मीच दाखवला होता.

आणि तरीही मी उभीच राहिले. हे मला सांगताना आत्ताही घाम फुटतो. दहा पावलांवर सिस्टरचं टेबल होतं, जायचं आणि एक वाक्य बोलायचं. पण मनात हिशेब सुरू झाला. कदाचित ते नुसते दमून झोपले असतील. कदाचित मला म्हाताऱ्या डॉक्टरांचं अर्धवट आठवत असेल, मी काही डॉक्टर नाही. ऑक्सिजन कमी करा म्हणून मी सांगितलं, त्यांनी केला आणि बाबा त्यातच गेले तर? आपल्याच बापाचा ऑक्सिजन कमी करायला लावणारी मुलगी. हिरव्याने मेलेल्या माणसाबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही, आकडे तर चांगले होते असं म्हणतात आणि सगळे मान हलवतात. लाल झालेल्याबद्दल विचारतात. शेजारच्या खाटेवरची बाई आईला विचारत होती, काय झालंय आजोबांना, आणि आई सवयीने म्हणाली, काही नाही हो, साधा ताप. बाबांच्या घशातून घुर्र असा आवाज आला, मग थांबला. मास्कवरची वाफ विरली. मी वाट बघितली. वाफ येत नव्हती. माझ्या हाताने आजूबाजूला काहीतरी शोधलं, एखादं ताट, आपटायला. हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढंच कळलं की मी स्टुलावरचा पाण्याचा स्टीलचा पेला उचललाय. मग वाफ आली. मी पेला खाली ठेवला आणि टेबलापर्यंत पळत गेले.

माया सिस्टर औषधं भरत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, माझ्या बाबांना श्वासाचा जुना आजार आहे. गिरणीतला. खूप वर्षं आहे. काल आम्ही खोटं सांगितलं." वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला मागे वळून बघायची भीती वाटली, आई ऐकत असेल म्हणून. आई ऐकत होती. सिस्टरनी हातातलं तसंच ठेवलं, खाटेपाशी आल्या, बाबांच्या छातीवर मुठीने चोळलं, त्यांनी डोळे किलकिले करून परत मिटले. सिस्टरनी आधी बटण खाली घेतलं, मग वॉर्डच्या डॉक्टर नूपुरना फोन लावला. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या की नायगावला आमच्या आजोबांचंही असंच होतं, सर्दी म्हणायचे. मग त्यांनी टॅबलेटवर माझा प्रश्न उघडला आणि उत्तर बदललं. नाहीचं हो केलं. त्याच क्षणी बाबांच्या उशाशी आकडा लाल झाला. अजून शहाण्णवच्या वरच होता, बाबा तसेच झोपले होते, गालांवर तीच लाली, काहीही बदललं नव्हतं. आईच्या तोंडून "अगो बाय माझे" एवढंच आलं. खाली माझ्या खोलीत बसून मी हा बदल कितीदा तपासून बघितला होता, खोट्या नावाच्या खोट्या पेशंटवर, रंग वेळेवर पलटतो का, आणि पलटला की चहाला जायची.

डॉक्टर नूपुर आल्या, त्यांनी मनगटातून रक्त काढून तपासायला पाठवलं आणि निकाल बघून ओठ मिटले. दुसरा मास्क आला, चेहऱ्याला घट्ट बसणारा, मागे मशीन, ते बाबांच्या छातीला बाहेरून श्वास घ्यायला शिकवत होतं. थोडा वेळ अजून गेला असता तर, असं काहीतरी म्हणत त्यांनी मास्कचे पट्टे घट्ट केले. मग आकडा उतरायला लागला. पंच्याण्णव. त्र्याण्णव. मला आतून माहीत होतं की तो उतरायलाच हवा, मी त्यासाठीच पळत गेले होते, आणि तरी तो एकेक खाली येताना मी खाटेची कड धरून ठेवली. आयुष्यभर मी उतरणाऱ्या आकड्याला घाबरायला शिकवलं होतं, यंत्राला आणि माणसांनाही, आणि ते शिक्षण माझ्या अंगात माझ्यापेक्षा खोल गेलं होतं. ब्याण्णवला तो हिरवा झाला. आईचा त्या हिरव्यावर विश्वास बसेना. सकाळी हाच पिवळा होता ना, ती म्हणत होती, हाच ना गो? ब्याण्णवाचाच पिवळा, मग आता कसा? तिचा हात भिंतीकडे गेला. मी तो धरला. तिची बोटं माझ्या हातात जोर करत होती, म्हातारी असून चांगला जोर, आणि मी सोडत नव्हते. ती मला म्हणाली की तू बापाला मारतेस. आम्ही दोघी तशाच, एकमेकींचे हात धरून, नव्वदकडे बघत उभ्या राहिलो.

दिवे लागायच्या सुमारास बाबांनी डोळे उघडले. आधी मास्कवर चिडले, मग मशीनवर. डॉक्टर नूपुर वाकून त्यांना विचारत होत्या, आजोबा, हा दम कधीपासून लागतो? बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण आईचा चेहरा बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. मास्कच्या आतून ते म्हणाले, कसलो दम? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तिथे मोरी नव्हती, ताट नव्हतं, कुठे जायला जागा नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "बाबा, आहे तुम्हाला. मी लहान असल्यापासून आहे." त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापासून तोंड फिरवलं, आणि मला रडू आलं, मी रडलेही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. आई पिशवीतले पंचे पुन्हा पहिल्यापासून घडी करायला लागली. आकडा नव्वद, हिरवा.

आणि बाबांनी डोळे मिटले. रागाने मिटले की झोपेने, की त्या दुसऱ्या झोपेने, हे सांगणारी एकही रेघ मी कुठल्या पट्टीत मारलेली नव्हती. पाठमोरी मान, मशीनची घरघर, छाती वर, छाती खाली. मी आकड्याकडे बघितलं आणि मला कळलं की आजपासून मला तो काहीच सांगणार नाही, हिरवा असो, लाल असो. मी त्यांचा खांदा हलवला. काही नाही. पुन्हा हलवला, जोराने, बाबा, बाबा, म्हणत. मास्कच्या आतून, भिंतीकडे तोंड करूनच, ते गुरगुरले, "जागो आसंय मी. माका तुझ्याशी बोलाचा नाय."

मी स्टूल ओढून बसले. जरा वेळाने पुन्हा त्यांचा खांदा हलवला.